ससाण्याचा डावा डोळा

१

सील शाबूत होतं, वाळू सपाट होती आणि ससाणा जागेवर नव्हता.

सकाळचे सव्वानऊ झाले होते. साहेबांनी नुकतंच सील फोडून दार उघडलं होतं. दारात आम्ही पाचजण उभे होतो. आधी पाचहीजणांनी त्या रिकाम्या चौथऱ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. असं एकमेकांकडे पाहिलं की कोणीच निर्दोष दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्या संग्रहालयात तीन महिने 'दोन देवघरं' नावाचं प्रदर्शन होतं. एका दालनात समोरासमोर दोन गाभारे उभारले होते. डावीकडे प्राचीन इजिप्तचा, उजवीकडे हिंदू. उजवीकडे आमचाच पितळी विष्णू होता, त्याच्या पुढ्यात छोटा पलंग, गादी आणि पडदा. डावीकडे दूरच्या एका संग्रहालयानं उसना दिलेला लाकडी ससाणा, हातभर उंचीचा, तीन हजार वर्षांचा. होरस हा त्यांचा देव ससाण्याच्या रूपात असतो. या ससाण्याला उजवा डोळा होता, काळ्या दगडाचा. डाव्या जागी नुसतीच खोबण.

मी इथे पाट्या लिहिते. काचेखाली कार्ड असतं ना, अमुक काळ, अमुक लाकूड, ते. शाळा दहावीला सुटली. पुढचं इथल्या वाचनालयानं शिकवलं, दुपारच्या डब्यासोबत. त्यामुळे या दोन देवघरांबद्दल मला जे माहीत आहे ते सगळं थोडं तेलकट आहे.

डाव्या गाभाऱ्यात बारीक वाळू पसरली होती. इजिप्तचा पुजारी संध्याकाळी देवाकडे तोंड करून मागे मागे येत झाडूनं स्वतःची पावलं पुसायचा, दार ओढायचा, दोरी बांधायचा आणि ओल्या मातीचा गोळा दोरीवर दाबून शिक्का मारायचा. सकाळी सील फोडून देवाला उठवायचा. आमच्याकडे लोकांना दाखवण्यासाठी हे रोज संध्याकाळी पहारेकरी करत. पहारेकरी म्हणजे माझे दीर. ते मला वहिनी म्हणतात, म्हणून सगळं संग्रहालयच मला वहिनी म्हणतं. साहेबसुद्धा.

"किल्ली आणि शिक्का कोणाकडे असतो?" साहेबांनी विचारलं. त्यांना ते ठाऊक होतं.

"माझ्याकडे," भाऊजी म्हणाले.

"काल संध्याकाळी ससाणा आत होता?"

"होता."

"मग आता कुठे आहे?"

भाऊजी चौथऱ्याकडे पाहत राहिले. दोन महिन्यांनी निवृत्त होणारा, सदतीस वर्षांत एकदाही उशिरा न आलेला माणूस आपल्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला. साहेबांनी भिंतीवरचं बटण दाबलं आणि इमारतीतल्या सगळ्या दारांवरची पोलादी शटरं एकामागोमाग एक खाली आली.

२

आमच्या इमारतीच्या खिडक्या उघडत नाहीत. जुन्या वस्तूंना बाहेरची हवा सोसत नाही, माणसांचं काय ते माणसांनी बघावं. शटरं पडल्यावर दमट हवा ओढणारं यंत्र तेवढं घरघरत राहिलं. आपण एखाद्या प्राण्याच्या पोटात बसलो आहोत असं वाटायला लागलं.

"ससाणा मिळेपर्यंत इथून मुंगीसुद्धा बाहेर जाणार नाही," साहेब म्हणाले. "पोलिसांना साडेतीनची वेळ दिली आहे. तोवर आपण शोधू."

साडेतीनच का, तर मधल्या वेळात ससाणा सापडला तर वर कळवावं लागू नये म्हणून. साहेब वाईट नाहीत. घाबरट आहेत.

आत आम्ही पाचजणच होतो. साहेब, भाऊजी, मी, मूर्तींची डागडुजी करणारे मिस्त्री आणि ससाणा परत न्यायला आलेल्या पाहुण्या बाई. प्रदर्शन आदल्या दिवशी संपलं होतं. बाई खरं तर संध्याकाळी पाचला यायच्या होत्या, पण त्यांचं विमान आधीचं मिळालं आणि सकाळी नऊलाच त्या रिकामी पेटी घेऊन दारात हजर झाल्या.

शोध घेतला. कपाटं, माळे, जिने, आमच्या पिशव्या, माझा डबा. डब्यात हातभर ससाणा कसा मावेल ते साहेबांनाच ठाऊक. बाईंची पेटी दोनदा पाहिली. मिस्त्रींची कार्यशाळा काचेची आहे, सगळं बाहेरूनच दिसतं, तरी एकेक डबा उघडला. डाव्या गाभाऱ्यात पाय ठेवायला साहेबांनी बंदी केली, पोलिसांना दाखवायला वाळू तशीच हवी म्हणून. उजव्या गाभाऱ्यात ते स्वतः गेले. घंटा, पूजेचं तबक, ओढलेला पडदा. साहेब देव मानत नाहीत, सगळ्यांना सांगतात. त्यांनी हात जोडले नाहीत, पण आवाज खाली आला. "इथे काही नाही," असं जवळजवळ कुजबुजून ते बाहेर आले.

भाऊजींना सामानघरात बसवून बाहेरून कडी घातली होती. दाराला वर आडव्या फटी आहेत. मी फटीला तोंड लावलं.

"भाऊजी, पाणी हवंय?"

"नको. पाणी प्यायलं की पुढचे प्रश्न येतात, आणि कडी बाहेरून आहे."

"थट्टा सुचतेय तुम्हाला. साडेतीनला पोलीस घेऊन जातील. पेन्शन राहील का? सदतीस वर्षं पाण्यात जातील. तुमच्या लेकीच्या सासरी काय सांगायचं मी?"

भाऊजी फटीजवळ आले.

"साडेतीनला म्हणता?"

"हो."

"चारला आले असते तर बरं झालं असतं," भाऊजी म्हणाले. त्यानंतर कितीही विचारलं तरी ते बोलले नाहीत.

३

पाहुण्या बाई पेटीवरच बसल्या होत्या. करड्या केसांच्या, सपाट चपला घातलेल्या, प्रवासाला कंटाळलेल्या.

"तुम्हाला माझा संशय येतो का?" त्यांनीच विचारलं.

"आल्याआल्या तर काही सांगता येत नाही. चहा घेता?"

चहा घेताना त्या मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे तो खणात असतो. खण क्रमांक दोनशे अकरा. पांढरा कागद गुंडाळून, आडवा. बाहेर पडला तो फक्त तुमच्यासाठी."

"आणि डोळा?"

"आमच्याकडे आला तेव्हाच नव्हता. मी तीनदा अर्ज केला, डोळा बसवू द्या म्हणून. तीनदा उत्तर आलं की आहे तसा ठेवा." त्या कपात पाहत राहिल्या. "त्यांच्या कथेतही होरसचा डावाच डोळा जातो. भांडणात. मग दुसरा एक देव तो नीट करून परत बसवतो. कथेत परवानगी लागत नाही."

साहेब आपल्या खोलीत फेऱ्या मारत होते. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर तपकिरी ओघळ होता.

"हे काय लागलं, साहेब?"

"सील फोडताना लागलं असेल. वहिनी, तुम्ही तरी दिरांना समजवा. वस्तू परत द्या म्हणावं, मी तक्रार मागे घेतो. त्या मिस्त्रींसारखा हट्टीपणा नको."

"मिस्त्रींनी काय केलं?"

"तीन आठवडे मागे लागले होते. डोळा घडवलाय, बसवू द्या. मी साफ सांगितलं. करारात लिहिलंय, हात लावायचा नाही. देव नाही तो, मिस्त्री, उसनी वस्तू आहे."

मी बाहीवरच्या त्या ओघळाकडे पाहत राहिले. संध्याकाळी लावलेली माती सकाळपर्यंत खडखडीत वाळते. रोज सकाळी सील फोडलं की तुकडे पडायचे, आणि ते मीच केरसुणीनं भरायची. आज तुकडे पडले नव्हते. माती वाकली होती.

म्हणजे ते सील सकाळचं होतं.

४

मिस्त्री कार्यशाळेत टेबल पुसत होते. ते आधीच स्वच्छ होतं. त्यांच्या घरात सात पिढ्या मूर्ती घडवत. यांनी मोठ्या संस्थेत जुन्या वस्तू जपायचं शिक्षण घेतलं आणि वडिलांशी वाकडं आलं.

"काय शोधताय, वहिनी?"

"तुम्ही घडवलेला डोळा. बघू तरी."

"टाकून दिला. साहेब नको म्हणाले ना." त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, अडीच. "लाकूड आहे हो ते. लाकडाला काय फरक पडतो."

एवढंच म्हणून त्यांनी तेच टेबल पुन्हा पुसायला घेतलं.

मी डाव्या गाभाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिले. आत न जाता वाळू पाहिली. भाऊजींचा झाडू मला ओळखता येतो. गुडघ्यामुळे ते चौथऱ्याच्या पुढ्यापर्यंत जातात आणि तिथूनच मागे मागे येतात. चौथऱ्याच्या मागे ते कधी गेलेच नाहीत. तीन महिने तिथली वाळू पहिल्या दिवशी ओतली तशीच उंचसखल होती. आज तीही सपाट होती. झाडूचे फराटे चौथऱ्याला पूर्ण वळसा घालून आले होते.

कोणीतरी ससाण्याभोवती फिरलं होतं. पुढून हात लांबवला की जो उचलता येतो, त्याच्याभोवती. चोर प्रदक्षिणा घालत नाही.

साहेब घालणार नाहीत, भाऊजींना गुडघ्यामुळे जमणार नाही, बाई नऊपर्यंत रस्त्यावर होत्या. उरलं कोण?

मग मी उजवीकडे वळले. रोज दहाला विष्णूला उठवायचं काम माझं. घंटा वाजवायची, तोंड पुसायचं, आरसा दाखवायचा. प्रदर्शन संपलं होतं, त्यामुळे आज उठवायचं नव्हतं. तबकावरचं फडकं उचललं. घंटा होती, पाण्याची लोटी होती, पुसायचं कापड होतं.

आरसा नव्हता.

मी फडकं परत झाकलं आणि सरळ कार्यशाळेत गेले. दार लावून घेतलं, काचेचं असलं तरी.

"मिस्त्री, चारला काय आहे?"

त्यांनी हातातला बोळा टेबलावर ठेवला.

"सकाळी सातला भाऊजींनी तुम्हाला दार उघडून दिलं," मी म्हणाले. "तुम्ही त्याच्याभोवती फिरलात, नमस्कार केलात, उचललंत. मग पावलं पुसून ताजं सील लावलंत, साहेब येताजाता ते पाहतात म्हणून. डोळा बसवून चारला परत ठेवायचं ठरलं होतं. बाई पाचला यायच्या होत्या. त्या नऊलाच आल्या."

मिस्त्री स्टुलावर बसले.

"राळ वाळायला आठ तास लागतात," ते म्हणाले. "आठला बसवला. वाळूच्या खोलीत बसवता येत नव्हता, धूळ चिकटते. चारच्या आत कोणी उभा केला तर डोळा घसरणार, आणि घसरताना लाकडाची कड घेऊन जाणार. मग ती कड तीन हजार वर्षं मागे जाऊनही कोणाला परत आणता येणार नाही."

"आणि तोवर भाऊजी चोर?"

"मी सकाळीच सांगायला निघालो होतो. त्यांनीच डोळ्यांनी दटावलं. नंतर फटीतून म्हणाले, तू आत्ता बोललास की साहेब आत्ता उचलतील. चारपर्यंत मी चोर होतो, माझं काय जातंय." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पोलीस साडेतीनला येणार हे तेव्हा आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं."

अर्ध्या तासाचा प्रश्न होता. बोलावं तर ससाणा जातो, न बोलावं तर दीर जातात. बाहेर पडायला दार नाही, उघडायला खिडकी नाही. यंत्र घरघरत होतं.

"पण का हो?" मी विचारलं. "उद्या तो खणात जाणार. तिथे त्याला दोन डोळे काय आणि एक काय."

"वहिनी, आंधळ्याला पेटीत घालून पाठवायचं?" मिस्त्री म्हणाले. "माझे वडील डोळे उघडल्याशिवाय मूर्ती घराबाहेर जाऊ देत नसत."

खाली शटर वर जायचा आवाज आला. पोलीस पाच मिनिटं आधीच आले होते.

५

इन्स्पेक्टर जाडजूड, घामाघूम आणि बऱ्या स्वभावाचे होते. त्यांनी भाऊजींना सामानघरातून बाहेर काढलं. साहेबांनी सगळं एका दमात सांगितलं. शिपायानं भाऊजींच्या दंडाला धरलं.

"थांबा," मी म्हणाले. "ससाणा मी दाखवते. पण क्रमानं सांगेन, नाहीतर मला सांगता येत नाही."

"कुठे आहे ते आधी सांगा, मावशी."

"तसं सांगितलं तर तुम्हाला पटणार नाही. बसा."

खुर्ची मिळाल्यावर ते बसले. दालनात पंखा होता, बाहेर ऊन. मी पहिल्या पाटीपाशी उभी राहिले. तीन पस्तीस.

त्यानंतर मी जे केलं ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. माणसं ऐकत होती आणि मी लांबण लावली. पहिली पाटी वाचली. त्यांच्याकडे सूर्य कमळातून जन्मतो, आपल्याकडे ब्रह्मदेव कमळात बसून येतो. दुसरी पाटी. त्यांच्याकडे मेलेल्याचं काळीज पिसासमोर तराजूत घालतात आणि एक देव निकाल लिहून घेतो, आपल्याकडे चित्रगुप्त वही उघडून बसलेला असतो.

"म्हणजे पंचनामा दोन्हीकडे आहे," इन्स्पेक्टर म्हणाले.

"आहे. लाच कुठेच चालत नाही."

शिपाई हसला. इन्स्पेक्टरांनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

"वहिनी, याचा चोरीशी काय संबंध?" साहेबांनी विचारलं.

"संबंध चौथ्या पाटीत आहे, साहेब. मधली तिसरी सोडली तर तुम्हीच म्हणाल, क्रम चुकला."

तिसरी पाटी दोन्हीकडच्या देवळांतल्या बैलांची होती. मी दोन्ही बैल सावकाश सांगितले. तीन अठ्ठेचाळीस. मिस्त्रींचे ओठ हलत होते, मिनिटं मोजत असावेत. भाऊजी माझ्याकडे पाहत होते. लग्नानंतर पहिल्यांदा मी चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटीनं केला, तेव्हा त्यांनी असंच पाहिलं होतं.

"चौथी पाटी," मी म्हणाले. "दोन्हीकडे देवाला सकाळी उठवतात, आंघोळ घालतात, कपडे घालतात, जेवू घालतात. ते अन्न मग माणसं खातात. संध्याकाळी झोपवतात. साहेब म्हणाले होते, कोणी कोणाकडून घेतलं ते लिहा. मी लिहिलं नाही, कारण मला माहीत नाही. मला एवढंच दिसतं की इतक्या लांब लांबच्या दोन जागी माणसांना वाटलं, देव झाला म्हणून काय झालं, सकाळी त्याचं तोंड कोणीतरी पुसायला हवं."

मग मी सीलची ओली माती सांगितली. साहेबांनी बाही पाहिली. चौथऱ्यामागचे फराटे सांगितले. इन्स्पेक्टर उठले, दारातून वाकून वाळू पाहून आले आणि पहिल्यांदाच पुढे सरकून बसले. तीन छप्पन्न.

"आता पाचवी पाटी. त्यांच्याकडे मूर्ती घडली की पुजारी हत्यार टेकवून तिचं तोंड उघडतो. तोवर ती लाकूड, मग देव. आपल्याकडे शेवटी डोळे उघडतात. आणि डोळे उघडल्यावर देवाची पहिली नजर माणसावर पडू नये म्हणून समोर आरसा धरतात. आज माझ्या तबकातला आरसा नाही. तो जिथे, तिथे ससाणा."

"अहो पण सगळं शोधलं," साहेब म्हणाले. "एक कोपरा सोडला नाही."

"एक सोडलात. मी सोडला, बाईंनी सोडला. तुम्ही देव मानत नाही, तरी तिथे जाऊन तुमचा आवाज खाली आला."

साहेबांनी हळूच उजवीकडे पाहिलं.

"काल संध्याकाळी विष्णूला झोपवलं," मी म्हणाले. "आज कोणी उठवलं नाही. झोपलेल्या देवाचा पडदा आपल्यापैकी कोणीही बाजूला करत नाही. मिस्त्रींना हे पक्कं ठाऊक होतं."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चारवर आला. मिस्त्रींनी डोळे मिटले. मी तबकातली घंटा उचलली, वाजवली, आणि पडदा बाजूला केला.

६

मऊ गादीवर, विष्णूच्या पायाशी, ससाणा उजव्या कुशीवर आडवा होता. समोर उशीला टेकवलेला माझा आरसा. त्यात दोन काळे डोळे दिसत होते, आणि त्यामागे आमची सगळ्यांची तोंडं.

साहेब दोन पावलं मागे सरले.

"काढा तो," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज अजून खालीच होता. "डोळा काढा. राळ विरघळते ना?"

"विरघळते," मिस्त्री म्हणाले. "दोन थेंब लागतील. आता लाकडाला काही होणार नाही." ते उठले. खरोखरच बाटली आणायला निघाले.

"त्याला कोणी हात लावायचा नाही," पाहुण्या बाई म्हणाल्या. त्यांनी हातमोजे चढवले, ससाण्याला दोन्ही हातांनी उचलून उभं केलं आणि टॉर्चच्या उजेडात डोळ्याची कड पाहिली. मग पेटीवर ठेवलेला, वस्तूची अवस्था नोंदवायचा कागद घेतला. 'डावा डोळा' या शब्दांपुढे आधीच 'नाही' असं छापलेलं होतं. त्यांनी ते खोडलं आणि काही लिहिलं. "आहे तसा ठेवा, असा मला तीनदा आदेश आहे," त्या म्हणाल्या. "आता तो असा आहे."

इन्स्पेक्टर उठले. वस्तू इमारतीबाहेर गेली नाही, तेव्हा चोरी झाली नाही, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. दारातून परत वळून म्हणाले, "मावशी, तिसऱ्या पाटीला मला वाटलंच होतं, तुम्ही वेळ काढताय."

"मग थांबवलं का नाहीत?"

"पंखा चांगला आहे तुमच्याकडे."

साहेब चांगले वागले नाहीत आणि वाईटही वागले नाहीत. मिस्त्रींना सोमवारपासून येऊ नका म्हणाले. भाऊजींचा शिक्का काढून घेतला आणि उरलेले दोन महिने त्यांना बाहेरच्या फाटकावर नेमलं. मिस्त्रींनी हत्यारं जुन्या कापडात गुंडाळली आणि साडेपाचला निघून गेले. जाताना त्यांनी माझा आरसा पुसून तबकात ठेवला.

सहाला पेटी गेली. शटरं वर गेली, सगळी दारं उघडी पडली, आणि तरी मला बाहेर पडावंसं वाटेना.

"चला वहिनी," भाऊजी म्हणाले. "एवढं आवरून येतो."

"आता काय आवरायचंय? आत कोणी नाही."

ते झाडू घेऊन डाव्या गाभाऱ्यात गेले. बंदी उठल्यावर आत जाऊन आलेल्या पोलिसांचे, साहेबांचे, आम्हा सगळ्यांचे बूटचपलांचे ठसे वाळूत उमटले होते. भाऊजी रिकाम्या चौथऱ्यापर्यंत पोचले, नेहमीप्रमाणे थांबले. मग भिंतीला हात टेकत, दुखरा पाय ओढत, ते चौथऱ्याच्या मागे गेले. पूर्ण वळसा घालून पुढे आले, आणि चौथऱ्याकडे तोंड करून, पावलं पुसत, मागे मागे दाराकडे येऊ लागले.